नुसती लिंक पाठवू नका, बसवून ऐकवा

सांगली-मिरजेत महिन्यातून एकदा गाणं, पुस्तक आणि सिनेमाची छोटी बैठक भरवायची असेल तर

एखादं गाणं आवडलं की आपण त्याची लिंक दहा जणांना पाठवतो. दोघं अंगठा दाखवतात, एखादा "मस्त" लिहितो, आणि गाणं कुणीच ऐकलेलं नसतं. यात त्यांचा दोष नाही. बँकेत रांगेत उभ्या असलेल्या माणसाला चाळीस मिनिटांचा ख्याल पाठवला तर तो ऐकणार कधी? पुस्तकाचं आणि सिनेमाचंही तेच. आवडलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचवायची तर त्याला बसवावं लागतं, त्याच्यासाठी नेमका तुकडा निवडावा लागतो, आणि आवाज, उजेड, वेळ यांची तयारी आधी करून ठेवावी लागते. आठ ते पंधरा माणसं, घरातला एक हॉल आणि महिन्यातली एक संध्याकाळ एवढ्यावर हे होतं. वीस जणांना सांगितलं की बारा येतात, त्या हिशेबाने बोलवा.

शोधायचं कसं

ॲप जे सुचवतं ते आधी ऐकलेल्याच्याच आसपासचं असतं. त्यातून नवीन दार उघडायला फार वेळ लागतो. त्यापेक्षा माणसांचा धागा धरा. कोण कुणाकडे शिकलं, साथीला कोण होतं, छायाचित्रण कुणाचं, अनुवाद कुणाचा, हे विचारत गेलं की एका गोष्टीतून चार निघतात.

आपल्या भागात तर धागा शोधायला लांब जावं लागत नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत राहिले आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यांची मुलं सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर, शिष्य सवाई गंधर्व आणि रोशन आरा बेगम. सवाई गंधर्वांकडून पुढे गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेन जोशी. खाँसाहेब, सवाई गंधर्व आणि भीमसेन या तिघांचीही ध्वनिमुद्रणं मिळतील असा एखादा राग घ्या आणि याच क्रमाने लागोपाठ ऐका. किराणा घराणं म्हणजे काय हे समजायला एवढं एक तास ऐकणं पुष्कळ झालं. मग दुसरा धागा: बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत असताना त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, आणि पलुस्करांच्या शिष्यांत विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास. हा ग्वाल्हेर घराण्याचा रस्ता. दोन्ही रस्ते एकाच गावातून जातात, म्हणून दोन घराण्यांची तुलना पहिल्या दोन बैठकींसाठी उत्तम.

जुन्या तबकड्या नवशिक्या श्रोत्यांना फार सोयीच्या असतात, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएम) दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात, बारा इंचीला चार-साडेचार. राग, बंदिश, तान सगळं त्या तीन मिनिटांत आटोपशीर बसवलेलं असतं. मात्र इंटरनेटवर चढवलेल्या तबकड्यांत दोन घोळ हमखास असतात. पहिला वेगाचा. सगळ्या जुन्या तबकड्या अगदी ७८ वरच ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत, आणि फिरवतानाही वेग चुकतो. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या पट्टीने चढतो, म्हणजे हार्मोनियमवरची पांढरी दोनची काळी दोन होते, आवाज पातळ लागतो आणि लय उगाच घाईची वाटते. एकाच तबकडीचे दोन-तीन अपलोड शोधा आणि हार्मोनियमवर किंवा तानपुऱ्याच्या ॲपवर षड्ज (सा) मिळवून बघा. षड्ज दोन अपलोडमध्ये वेगवेगळा आला तर त्यातला एक नक्की चुकलेला आहे, मग ज्यात आवाज माणसासारखा लागतो तो घ्या. दुसरा घोळ नावांचा. राग किंवा गायक चुकीचा लिहिलेला असतो. तबकडीच्या लेबलचा फोटो असेल तर त्यावरचा क्रमांक टिपून घ्या आणि तोच क्रमांक दुसरीकडे शोधा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही तबकड्यांत गायक शेवटी स्वतःचं नाव सांगतो, म्हणून शेवटचे पाच सेकंद कापू नका.

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत एकदा तरी जा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आधी विचारून, चार-पाच जणांनीच जायचं. कारखान्यात एक गोष्ट बघायची ती म्हणजे जवारी लावणं. तानपुऱ्याची तार घोडीवर जिथे टेकते तिथे तिच्याखालून सुताचा एक धागा सरकवतात. धागा नसताना तार छेडली तर आवाज बसका आणि लगेच विझणारा. धागा थोडा थोडा पुढे सरकवत नेला की एका जागी आवाज एकदम उघडतो, त्यातून वरचे स्वर झणझणत बाहेर पडायला लागतात. केसभर आणखी सरकवला की ते पुन्हा मिटतात. हे पाच मिनिटं कानाने अनुभवलेला माणूस पुढच्या बैठकीत तानपुऱ्याकडे नुसता मागचा आवाज म्हणून बघत नाही.

प्रत्यक्ष ऐकण्याच्या जागाही हाताशी आहेत. नवरात्रात मिरजेच्या अंबाबाईच्या देवळातला संगीत महोत्सव, उरुसात दर्ग्यात होणारी खाँसाहेबांच्या स्मृतीची सभा, सातारा जिल्ह्यात औंधचा महोत्सव. साहित्यासाठी संक्रांतीला औदुंबरचं संमेलन, नाटकासाठी ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाच्या सुमारास सांगलीतलं विष्णुदास भावे नाट्यमंदिर. भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं नाटक केलं, तेव्हा या दिवसाला इथे वेगळं वजन आहे. अशा ठिकाणी गेलात तर मुख्य कलाकाराबरोबरच तबल्याला आणि पेटीला कोण होतं ते लिहून आणा. पुढचा धागा बहुतेक वेळा साथीदारांच्या नावातून सुटतो.

पुस्तकांसाठी सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन'ने हा प्रघात पाडला, आणि अजूनही मराठीत नवा लेखक पहिल्यांदा भेटतो तो बहुधा तिथेच. वाचनालयं दिवाळीनंतर कितीतरी महिने हे अंक फिरवत असतात. चार अंक आणा. जो लेख किंवा कथा मध्ये न थांबता संपली, तिच्या लेखकाचं नाव टिपा. चार अंकांतून साधारण पाच-सहा नावं निघतात. ती घेऊन ग्रंथपालांकडे जा. "काहीतरी चांगलं द्या" म्हटलं तर ते सगळ्यांना जे देतात तेच देतील. "या लेखिकेचं काही आहे का, आणि हिच्यासारखं आणखी कोण?" असं विचारलं तर ग्रंथपाल खुर्चीतून उठतो. विषयवार क्रमांक देणारी ड्यूई दशांश पद्धत असलेल्या वाचनालयात मराठी साहित्य ८९१.४६ ला, संगीत ७८० ला, सिनेमा ७९१.४३ ला आणि नाटक ७९२ ला सापडतं. कपाटापर्यंत जाऊ देत असतील तर ७८० आणि ७९१ ची कपाटं अवश्य चाळा, तिथे वर्षानुवर्षं कुणी न नेलेली उत्तम पुस्तकं पडून असतात. हातात पुस्तक आलं की ऋणनिर्देश, अर्पणपत्रिका आणि मागची संदर्भसूची आधी वाचा. लेखकाला कुणी घडवलं ते तिथे लिहिलेलं असतं. आणि एखाद्या विषयाची पाटी कोरी असेल तर वाईहून निघालेला मराठी विश्वकोश फुकट ऑनलाइन आहे. नोंदीखालचे संदर्भ बघायला विसरू नका.

सिनेमा संपल्यावर श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका. छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी ही तीन नावं लिहा. दिग्दर्शकाचे पुढचे सिनेमे सगळेच शोधतात. संकलकाचे शोधा, वेगळेच सिनेमे हाती लागतील.

वही

मोबाइलमध्ये शेकडो गोष्टी 'सेव्ह' केलेल्या असतात आणि त्यातली एकही वेळेला सापडत नाही. दोनशे पानी साधी वही घ्या. प्रत्येक नोंदीत सहा गोष्टी हव्यात: काय, कुणाचं, कोणत्या सालचं, कुठे मिळालं, कुठला तुकडा, आणि हे कुणाला ऐकवायचं किंवा द्यायचं. पाचवा आणि सहावा रकाना महत्त्वाचा. "छान आहे" ही नोंद सहा महिन्यांनी काही सांगत नाही. "४:१० ते ६:३०. सरगम संपते आणि तबला गप्प होतो तिथून. नाटकवाल्या मामांना" अशी नोंद दोन वर्षांनीही कामाला येते. पुस्तकाच्या बाबतीत पान क्रमांकाबरोबर आवृत्तीही लिहा, कारण आवृत्ती बदलली की पानं बदलतात.

तुकडा निवडणं

इथेच बहुतेक बैठकी फसतात. आणणाऱ्याला सगळंच आवडलेलं असतं, म्हणून तो सगळंच ऐकवतो. ज्याने कधी ऐकलेलं नाही त्याच्यासाठी पहिल्या वेळी तीन ते सहा मिनिटं पुरेत. लांब ख्यालातला तुकडा काढायचा असेल तर मधूनच उचलू नका. बंदिशीची समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारी एक फेरी पूर्ण ऐकवा आणि तिथून पुढे चला, नाहीतर श्रोत्याला परत कुठे यायचं तेच कळत नाही. आणि तो तुकडा दोनदा लावा. पहिल्यांदा काही न सांगता. मग एकच वाक्य: "मुखडा, म्हणजे बंदिशीची पहिली ओळ, परत कधी येतो तिकडे लक्ष ठेवा." मग पुन्हा. दुसऱ्यांदा माना हलायला लागतात.

वाचनासाठी दहा मिनिटं धरा. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या पुस्तकाची चार पानं. कादंबरीचं पहिलं पान वाचू नका. पहिलं पान एकट्याने वाचायला लिहिलेलं असतं. दोन माणसं बोलताहेत असं मधलं प्रकरण घ्या, आधीचं काय घडलं ते तीन वाक्यांत सांगा, आणि पुढे काय होतं हे कुणी विचारलं तर सांगू नका. घरी दोनदा मोठ्याने वाचून या. न वाचता आलात तर जोडाक्षरांवर आणि लांब वाक्यांवर अडखळता, आणि ऐकणाऱ्यांचं लक्ष तिथेच तुटतं. कविता मात्र एकच, आणि तीही दोनदा.

सिनेमातलं एक दृश्य, दहा-बारा मिनिटांचं. ते आधी आवाज बंद करून दाखवा, मग आवाजासह. पहिल्या वेळी कॅमेरा कुठे उभा आहे, कोण चौकटीच्या बाहेर ढकललं गेलंय, हे लोक आपणहून बोलायला लागतात. संवाद कानावर असताना ते दिसत नाही. अख्खा सिनेमा तीन महिन्यांतून एकदाच, आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

खोली आणि आवाज

खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. आवाज घुमला तर खोलीत कापड कमी आहे. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असल्या की तान गढूळ होते. जाड सतरंजी, गाद्या, आणि स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर एक रजई किंवा जाड चादर टांगली की फरक लगेच कळतो.

एकुलता ब्लूटूथ स्पीकर मधोमध ठेवण्यापेक्षा साधे दोन वायरचे स्पीकर बरे. दोघांत सहा-सात फूट अंतर, पहिली रांग सात-आठ फुटांवर. कोपऱ्यात ठेवू नका, तिथे डग्गा नुसता घुमतो. उंची ऐकणाऱ्याच्या कानाएवढी, म्हणजे सतरंजीवर बसणार असाल तर अडीच फूट, खुर्च्या असतील तर साडेतीन. जमिनीवर ठेवलेला स्पीकर पुढच्याच्या पाठीत गातो. आवाज इतकाच की शेजारच्याशी कुजबुजलं तर सगळ्यांना ऐकू जाईल. यापेक्षा मोठा केला की लोक आपोआप गप्पा मारायला लागतात.

घरघर ऐकू आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. घरघर थांबली तर दोष अर्थिंगचा आहे. तेवढा वेळ बॅटरीवर चालवा किंवा लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर घरघर सुरू झाली तर तो 'स्क्वेअर वेव्ह' प्रकारचा इन्व्हर्टर असणार, त्यावर गाणं ऐकण्यात अर्थ नाही. तेवढ्यात वाचन उरकून घ्या.

पंख्याचा प्रश्न खरा आहे. एप्रिल-मे मध्ये सांगलीत पंखा बंद करून कुणी बसणार नाही. तबकडीच्या तीन मिनिटांपुरता बंद करा, मग लावा. छतावरचा पंखा खडखडत असेल तर त्या महिन्यात गच्चीवर बसा, तिथे भिंतींचा घुमारा नसतो आणि रात्री आठनंतर वारंही असतं. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगा, आणि दहाच्या आत आटपा.

सिनेमाची संध्याकाळ

प्रोजेक्टर भाड्याने किंवा कुणाचा मागून आणला तर पहिली गोष्ट म्हणजे तो आदल्या दिवशी लावून बघणं. शंभर इंची पडदा सव्वासात फूट रुंद भरतो. बहुतेक साध्या प्रोजेक्टरना त्यासाठी साधारण अकरा फूट मागे जावं लागतं. तुमच्या हॉलची लांबी बारा फूट असेल तर लोक बसणार कुठे याचा आधीच विचार करा. ऐंशी इंचावर समाधान मानलेलं बरं. पडदा म्हणून चादर लावणार असाल तर ती दुहेरी करा, एकेरीतून उजेड पलीकडे जातो आणि चित्र फिकट पडतं. चारही कडा ताणून बांधा, सुरकुती चेहऱ्यावर आली की बघवत नाही. सपाट पांढरी भिंत असेल तर चादर नकोच. खोक्यावर लिहिलेल्या ल्युमेनच्या (उजेडाच्या) आकड्यावर विसंबू नका, 'एएनएसआय ल्युमेन' असं लिहिलेलं असेल तरच तो आकडा मोजा. अंधाऱ्या खोलीत दोन हजार पुरतात. आपल्याकडे सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. उन्हाळ्यात साडेसातच्या आत सुरू करू नका.

आवाज ब्लूटूथवरून दिला तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. वायर वापरा. वायर नसेलच तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'जे' आणि 'के' ही बटणं आवाज पन्नास-पन्नास मिलिसेकंदांनी मागेपुढे सरकवतात. सबटायटलसाठी 'जी' आणि 'एच'.

सबटायटलने जितक्या संध्याकाळी बिघडवल्या असतील तितक्या विजेनेही बिघडवल्या नसतील. मराठी अक्षरांऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन केलेली नाही, किंवा देवनागरी फॉन्ट निवडलेला नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिथे अक्षरं नीट दिसत असतील तर 'सेव्ह ॲज'मध्ये यूटीएफ-८ निवडून पुन्हा जतन करा, सिनेमाच्या फाइलचंच नाव द्या आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवा. नोटपॅडमध्येही कचराच दिसत असेल तर ती फाइल सोडून दुसरी शोधा. दुसरा बिघाड फसवा असतो. सुरुवातीला सगळं जुळतं, दोन-चार मिनिटांतच वाक्य माणसाच्या आधी किंवा नंतर यायला लागतं. कारण सबटायटल सेकंदाला पंचवीस चौकटींच्या (फ्रेमच्या) प्रतीवरून केलेलं असतं आणि तुमची प्रत २३.९७६ ची असते. चार टक्क्यांचा हा फरक तासाला अडीच मिनिटांएवढा होतो. तो बटणाने सरकवून सुटत नाही, दर मिनिटाला पुन्हा बिघडतो. दुसरी फाइल शोधणं हाच सोपा मार्ग. म्हणून आदल्या दिवशी सिनेमा तीन जागी तपासा: पाचव्या मिनिटाला, मध्यावर, आणि शेवटच्या दहा मिनिटांत. सुरुवात बघून "चालतंय" म्हणू नका.

प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून साडेतीनशे-चारशे वॉट घेतात. घरच्या १५० एएच बॅटरीवर, ती नवी असेल तर, दोन तासांचा सिनेमा निघतो. तीन-चार वर्षं जुनी असेल तर मध्यंतरापर्यंतच धरून चाला, आणि फ्रिज, पंखे तेवढ्या वेळापुरते काढून ठेवा. दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला की लगेच सुरू करू नका, दिवा निवू द्या.

काय दाखवता येतं, काय नाही

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचं निधन १९६९ चं, म्हणून त्यांचं साहित्य २०२९ अखेरपर्यंत हक्कात आहे. शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांचं निधन १९७७ चं, त्यांचं २०३७ अखेरपर्यंत. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची नाटकं कधीच मोकळी झाली, त्यांचं निधन १९१६ चं. सिनेमा आणि ध्वनिमुद्रण यांना प्रकाशनानंतर ६० वर्षं. १९६० चा सिनेमा १ जानेवारी २०२१ ला मोकळा झाला. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. तिचे तीसच्या दशकातले सिनेमे या हिशेबाने केव्हाच मोकळे आहेत, आणि सुरुवातीला तेच घ्यावेत असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण त्यातली माणसं, भाषा आणि गाणी तीन पिढ्यांना एकत्र बसवतात.

हक्कातल्या पुस्तकातला माफक उतारा जाहीरपणे वाचायला कायद्याची हरकत नाही. नफा न कमावणाऱ्या मंडळाने आपल्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण लावायलाही नाही. सिनेमाला ही सवलत नाही. घरात मित्रांबरोबर बघणं वेगळं, पण सभागृह घेतलं, फलक लावला किंवा तिकीट ठेवलं की हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. ओटीटीची वर्गणी घरापुरतीच असते. पुस्तकाच्या अख्ख्या पीडीएफ गटात टाकू नका. मराठी पुस्तकाची एक आवृत्ती विकायला आधीच वर्षं लागतात, त्यात वाचकांनीच फुकट वाटप सुरू केलं तर त्या लेखकाचं पुढचं पुस्तक छापायला कुणी धजावणार नाही.

पुस्तकांची पेटी

बैठकीला एक पत्र्याची किंवा झाकणाची प्लास्टिकची पेटी ठेवा. प्रत्येकाने स्वतःचं एक पुस्तक आणायचं आणि एक न्यायचं. आतल्या पानावर पेन्सिलीने मालकाचं नाव, आणि पुस्तकात एक कोरं कार्ड. वाचणाऱ्याने कार्डावर एकच ओळ लिहायची: कुठल्या पानाशी थांबलो. न संपवलेलं पुस्तक परत करायला लोक लाजतात आणि ते महिनोन्‌महिने घरी पडतं. थांबलेलं पान लिहायची सोय असली की पुस्तकं परत येतात. मुदत पुढच्या बैठकीपर्यंत. दोनदा चुकली तर मालकानेच फोन करायचा, पेटी सांभाळणाऱ्याने नाही.

पेटी कुठे ठेवायची हा सांगलीत साधा प्रश्न नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. तुमच्या गल्लीत तेव्हा भिंतीवर खूण कुठे आली होती ते विचारा, आणि जून ते सप्टेंबर पेटी त्याच्या वर ठेवा, शक्यतो वरच्या मजल्यावर. कृष्णाकाठच्या दमट हवेत कसर लागते. महिन्यातून एकदा सावलीत पुस्तकं उभी करून पानं वाऱ्याला लावा. भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा.

पुस्तक भिजलंच तर पहिले ४८ तास हाताशी आहेत, त्यानंतर बुरशी धरते. चिखल लागला असेल तर पुस्तक घट्ट मिटून स्वच्छ पाण्यात हलकेच खंगाळा, उघडून घासू नका. पाणी निथळलं की उभं करून पंख्याखाली ठेवा. दर दहा-बारा पानांनी कोरा कागद घाला आणि तो दोन-तीन तासांनी बदला. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. चकचकीत कागदाची पानं वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात, म्हणून ती ओली असतानाच मध्ये बटर पेपर घाला. पुस्तकं खूप आणि हात कमी असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजमध्ये ठेवा. गोठलेल्या पुस्तकाला बुरशी धरत नाही, मग सवडीने एकेक काढून वाळवता येतं. उन्हात टाकू नका आणि इस्त्री फिरवू नका, पानं आणि पुठ्ठे दोन्ही वाकतात.

संध्याकाळ कशी जाते

पावणेसातला जमायचं, सातला सुरू. पहिलं गाणं, दोनदा. त्यावर बोलणं पंधरा मिनिटं. मग वाचन. मग दुसरं गाणं किंवा सिनेमातलं दृश्य. दीड तासात संपवायचं आणि मग चहा आणि भडंग. भडंग मध्ये देऊ नका, कुरकुरीत संथ, विलंबित गाणं बुडतं. कपबशांचंही तसंच. आणणारी माणसं एका बैठकीला तीनच, बाकीच्यांनी ऐकायचं. पुढच्या महिन्याचे तिघं त्याच रात्री ठरवा, नाहीतर सगळा भार एकाच घरावर पडतो आणि चौथ्या महिन्यात बैठक बंद पडते. आयपीएलचे आणि गणपतीचे दिवस सोडून तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून द्या, दुसरा शनिवार म्हणजे दुसरा शनिवार.

"कसं वाटलं?" असं विचारू नका. त्याला "छान" हेच उत्तर येतं. "कुठे कान टवकारले?" असं विचारा. "कुठे कंटाळा आला?" असंही विचारा, आणि उत्तर आल्यावर समजूत घालायला जाऊ नका. रागाचं व्याकरण जाणणारा एखादा असतोच. त्याला आधीच सांगून ठेवा की नवीन माणूस बोलल्यावर मगच त्याने बोलायचं. आजी-आजोबांना नाटकातली पदं पाठ असतात. त्यांना गाऊन दाखवायला सांगा, आणि मग जुनी तबकडी लावा. पोरं तेव्हा सरसावून बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गटावर एकच संदेश टाका, पाच ओळींच्या आत. आदल्या रात्री काय झालं त्याची नावं, सालं, कुठे मिळेल, आणि कुठल्या मिनिटापासून ऐकायचं. जे आले नव्हते त्यांना तोच पुढे ढकलू नका, वेगळा लिहा. साधारण असा:

"काकू, काल तुम्ही नव्हता. शेवटी जे लावलं ते तीन मिनिटांचं आहे, जेवणं झाल्यावर ऐका, टीव्ही बंद करून. शेवटच्या मिनिटात सारंगीकडे लक्ष द्या. फोनवर ऐकू नका, आवाज चिरका लागतो, दादाच्या स्पीकरवर लावा. पुस्तक तुमच्यासाठी पेटीतून काढून ठेवलंय, शनिवारी घेऊन येते."